गाडीची रेस उतरेना!

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वळली की घरातल्या बाईला न बघताच कळतं, आपली गाडी आली. रोजचा आवाज कानात बसलेला असतो ना! त्या आवाजात काही बिघडलं तर तेही आधी तिलाच कळतं. "अहो, गाडी आज वेगळीच ओरडायलीय," असं ती म्हणते, आणि वर ऐकून घेते, "तुला काय कळतंय गाडीतलं!" मैत्रिणींनो, कळतं. आवाजातला फरक ओळखणं हे निम्मं काम आहे, आणि ते आपण बसल्या जागी करतो. उरलेलं निम्मं काही फार अवघड नाही.

आज एकाच दुखण्याविषयी लिहिते. गाडी उभी आहे, मूठ सोडलेली आहे, तरी इंजिन भर्रर्र फिरतंय, खाली यायचं नावच नाही. आपण म्हणतो 'रेस वाढली', गॅरेजवाले म्हणतात 'स्लो बसत नाही'. आवाजच तर मोठा आहे, चालतेय ना गाडी, असं म्हणून घरोघर याच्याकडे दुर्लक्ष होतं. पण गिअरच्या गाडीची रेस अशी चढलेली असेल तर पहिला गिअर टाकून क्लच सोडताच ती उडी मारते. स्कूटीची गोष्ट तर आणखी वाईट. तिला गिअर नाही, क्लच आपोआप धरतो. रेस जास्त असली की मूठ न पिळताही ती पुढं सरकायला लागते. मागं दप्तरवाली पोर चढतेय, समोर भाजीची पिशवी, आणि गाडी आपली आपण निघाली! शिवाय आमच्या चौसाळ्याहून बीडला जायचं म्हणजे मांजरसुंब्याचा घाट उतरायचा. उतारावर मूठ सोडली की इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. रेस उतरत नसेल तर तो आधार कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल जास्त जातं, इंजिन उगाच तापतं, ते वेगळंच.

आता आपल्या भागात गाडी चालवणाऱ्या बाया काही कमी नाहीत. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, बचत गटाचं काम पाहणाऱ्या ताई, पोरांना शाळेत सोडणाऱ्या आया. कुणाकडं स्कूटी, कुणी नवऱ्याचीच मोटारसायकल घेऊन निघते. पदर खोचून गिअर टाकणाऱ्या बाया मी रोज बघते, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आपल्या मराठवाड्यातल्याच, परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ साली पुण्यात जाऊन रिक्षा चालवायला घेतली होती. तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. आज गाडी चालवण्याचं अप्रूप राहिलं नाही, पण ती बिघडली की मात्र आपण अजूनही गॅरेजच्या बाकड्यावर गप्प बसून राहतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीवर काय वेळ आली ते सांगते. ती आणि तिचा नवरा, कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखांनी माणसं जातात, दिवाळीच्या आगेमागे निघायचं ते पाडव्याच्या सुमाराला परत. तोवर मोटारसायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी. परत आल्यावर गाडी सुरू झाली, पण थांबली की बंद पडायची. ती पोराला पुढं टाकीवर बसवून बाजाराला निघाली होती, वाटेत एका गॅरेजवर दाखवली. तिथल्या माणसानं एक स्क्रू पिळला, रेस वाढवली, "आता नाही बंद पडत, जा" म्हणाला. खरंच पडली नाही बंद! दहा मिनिटांनी इंजिन तापलं आणि रेस आणखी चढली. बाजाराच्या वळणावर तिनं गिअर टाकला, गाडी उसळून एका हातगाड्यावर गेली. पोराची हनुवटी मीटरवर आपटली, दोन टाके पडले. वर दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, कार्बोरेटरच गेलाय, दोन हजार लागतील. ऊसतोडीच्या कमाईतले दोन हजार म्हणजे किती मोळ्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

शेवटी आम्ही गाडी ढकलत एका जुन्या मिस्त्रीमामांकडे नेली. मी सोबत होते. मी बी.ए.ला मराठी आणि समाजशास्त्र घेतलेली बाई, यंत्राशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. पण मामांनी एकेक वस्तू हातात देऊन दाखवली. म्हणाले, "ताई, स्क्रू तर कुणीबी फिरवंल. आधी गाडीला इचारावं, बाई तू हवा कुठून घ्यायलीस?"

या एका प्रश्नात सगळं आलं. इंजिनाला पेट्रोल आणि हवा दोन्ही लागतात. मूठ पिळली की हवेची वाट उघडते, तिच्यासोबत पेट्रोल ओढलं जातं, इंजिन जोरात फिरतं. मूठ सोडली की वाट जवळजवळ मिटते, अगदी थोडी फट राहते. गॅस मंद करून दूध ठेवतो ना, तसं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच मोटारसायकलींचं इंजिन अशा मंद आचेवर मिनिटाला साधारण १३०० ते १५०० फेरे घेतं, स्कूटरचं थोडं जास्त. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो (ती कपाटात साड्यांखाली असेल, शोधा). रेस चढलेली राहते याचा अर्थ एवढाच, की ती वाट पुरती मिटत नाही, किंवा दुसरीकडूनच कुठून तरी हवा आत शिरते आहे, किंवा चोक ओढलेला राहिलाय.

तर आधी चोक बघा. थंडीत सकाळी ओढलेला चोक परत ढकलायचा राहून जातो. कधी त्याची केबलच अडकते. ज्या स्कूटरला चोक आपोआप लागतो, तिची रेस सकाळी पहिली काही मिनिटं जास्त असणारच, तो आजार नाही. गरम झाल्यावरही उतरली नाही तर मात्र पुढं तपासायचं.

मग मूठ. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. खटकन आपोआप जागेवर आली पाहिजे. रेंगाळत आली तर दोष तिथंच. गाडी पडली असेल तर मुठीचं टोक घासतं, नवं रबरी कव्हर घातलं असेल तर ते आत दाबून धरतं, केबलमध्ये धूळ-पाणी गेलेलं असतं. इथं आपल्या बायकांची एक सवय सांगायलाच हवी. हँडलला पिशवी अडकवायची! कांदे, बटाटे, वर डबा. त्या पिशवीचा बंद मुठीपासून निघालेल्या केबलवर पडला की केबल ओढली जाते किंवा मुडपते. पिशवीला हूक असेल तर तिथं लावा, नसेल तर मागं बांधा.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात आवडली, कारण तिला ना पाना लागतो ना पैसा. गाडी मोकळ्या अंगणात मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये सुरू करा. मूठ न पिळता हँडल पूर्ण डावीकडं वळवा, मग पूर्ण उजवीकडं. वळवताना आवाज चढला-उतरला तर एक्सिलेटरची केबल ताणलेली आहे, नाहीतर चुकीच्या वाटेनं नेलेली आहे. मुठीला किंचित, दोन-चार मिलिमीटर, मोकळी हालचाल असावी लागते, ती संपलेली असते. मिस्त्रीला हे पाच मिनिटांचं काम. तपासताना पदर-ओढणी चाकापासून लांब, पोरं सायलेन्सरपासून लांब. आणि बंद खोलीत किंवा दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.

आता तो बदनाम स्क्रू. कार्बोरेटरच्या बाजूला स्प्रिंग घातलेला एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की रेस वाढते, बाहेर फिरवला की उतरते. इंजिन चांगलं गरम झाल्यावर, बेताबेतानं फिरवायचा. पण आधी विचारायचं की हा कुणी आणि का फिरवला होता? आमच्या मैत्रिणीच्या गाडीत पाच-सहा महिने पेट्रोल साचून राहिलं होतं. जुनं पेट्रोल आटून चिकट थर धरतं, आणि मंद आचेचं पेट्रोल ज्यातून येतं ते केसाएवढं छिद्र, मामा त्याला स्लो जेट म्हणतात, ते बुजतं. मग गाडी थांबली की बंद पडते. जेट साफ करायला कार्बोरेटर उघडावा लागतो, स्क्रू पिळायला एक मिनिट पुरतं. म्हणून स्क्रू पिळला जातो! ताप आलेल्या पोराला घामाची गोळी देऊन शाळेत धाडण्यातला प्रकार.

स्क्रू बाहेर काढूनही रेस उतरत नसेल, किंवा एकदा चढवलेली रेस मूठ सोडल्यावर लोंबकळत, हळूहळू खाली येत असेल, तर हवा दुसरीकडून शिरते आहे असं समजा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या जोडाला रबर असतं, ते उन्हानं, उष्णतेनं तडकतं. आमच्या गाडीत तेही निघालं, बोटानं वाकवल्यावर भेग उघडी पडली. मिस्त्री लोक चालू इंजिनवर तिथं स्प्रे मारून बघतात, आवाज बदलला की गळती पक्की. ते त्यांनाच करू द्या, तो स्प्रे पेट घेणारा असतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे आपल्या उसाचाही अंश त्यात आला! जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्यानं लवकर बदलावे लागू शकतात, म्हणून रबरावर नजर हवी. आणि गॅरेजमधून आल्या दिवसापासूनच रेस चढली असेल तर सरळ परत न्या. कार्बोरेटर जोडताना आतला सरकता तुकडा उलटा बसला तरी इंजिन असंच बोंबलतं.

मामांनी जेट साफ केला, रबर बदललं, स्क्रू मूळ जागी आणला. कार्बोरेटर तोच आहे, आजही चालतोय. दोन हजारांच्या जागी तिला त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी लागले. पुढच्याच रविवारी आम्ही मामांना गटाच्या बैठकीला बोलावलं, अंगणात चार गाड्या उभ्या केल्या. हँडल वळवून आवाज ऐकायला साठीच्या काकूसुद्धा पुढं आल्या होत्या.

नव्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला, तिथं फ्युएल इंजेक्शन आलं. किती हवा, किती पेट्रोल हे आता गाडीतला छोटा संगणक ठरवतो. तिथं कुणाला स्क्रू पिळू देऊ नका. मूठ, केबल, हँडल वळवणं आणि रबराची भेग या तपासण्या तिथंही लागू आहेत. त्यात काही सापडलं नाही, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिलाय, तर हवेचा वॉल्व्ह किंवा एखादा सेन्सर बिघडलेला असू शकतो, किंवा हवेच्या वाटेत घाण साचलेली असते. त्यासाठी यंत्र लावून बघणारं गॅरेजच हवं.

चालत्या गाडीची मूठ अडकली तर? घाबरून ब्रेक अर्धवट दाबत राहू नका. गिअरची गाडी असेल तर क्लच पूर्ण दाबा, हँडलवर लाल बटण असेल तर ते बंद करा. स्कूटर असेल तर चावी बंद करा आणि दोन्ही ब्रेक धरा. चावी फक्त बंदपर्यंत, हँडल लॉक होईल इतकी फिरवायची नाही. एकदा रिकाम्या मैदानात, गाडी उभी असताना हात तिथं नेऊन बघा, म्हणजे वेळेला शोधावं लागत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा टोळ्या निघतील. निघण्याआधी कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करायचा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही, जेट बुजत नाही. इंजेक्शनची गाडी असेल तर घरी राहणाऱ्या कुणाला तरी आठवड्यातून दहा मिनिटं बाहेर काढून चालू करायला सांगायचं. प्लॅस्टिकऐवजी जुनं लुगडं झाकायचं, आत ओल धरत नाही. उंदरांसाठी सायलेन्सरच्या आणि हवेच्या तोंडाशी कापडाचा बोळा बसवायचा, आणि परत आल्यावर तो काढायचा विसरू नये म्हणून त्याच कापडाची एक चिंधी चावीला बांधून ठेवायची.