नकली चिमणी पाडताय? मोबाइलला भिंतीतलं काय दिसतं आणि काय नाही

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये राहणारे अनेक मराठी लोक तिथे जुनी घरं विकत घेतात. या घरांच्या हॉलमध्ये बऱ्याचदा भिंतीचा एक भाग पुढे आलेला असतो आणि त्यात खोली गरम करणारी गॅसची शेगडी, म्हणजे गॅस फायर, बसवलेली असते. पुढे आलेल्या या भागाला चिमणी ब्रेस्ट म्हणतात. तो पाडला तर खोली मोठी होते. मग प्रश्न येतो: आत काय आहे, ते मोबाइलवर कळेल का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून सेन्सरपासूनच सांगतो.

आधी बघा, खरी की नकली?

खरी चिमणी विटांची असते. ती वरच्या मजल्यातून थेट छपरापर्यंत जाते. खालचा भाग काढला तर वरच्या विटांना आधार द्यावा लागतो, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि स्थानिक बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागते. नकली चिमणी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर प्लास्टरबोर्ड, अगदी आपल्या फॉल्स सीलिंगसारखा. टकटक केलं की पोकळ आवाज येतो. पण तेवढ्यावर जाऊ नका, कारण विटांवरही प्लास्टरबोर्ड लावलेला असू शकतो. वरची खोली, माळा आणि छप्पर बघूनच ठरवा.

मोबाइल काय ओळखतो?

कंपास चालतो तो मॅग्नेटोमीटर या सेन्सरवर. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो. पृथ्वीचं क्षेत्र ब्रिटनमध्ये साधारण ५० मायक्रोटेस्ला असतं. जवळ लोखंड किंवा स्टील आलं की आकडा बदलतो. ‘भिंतीतलं धातू शोधा’ म्हणणारी अ‍ॅप्स एवढंच करतात. प्लास्टरबोर्डचे स्क्रू सरळ रेषेत सापडले, तर तिथे लाकडी पट्टी आहे, हे कळतं.

पण खरा धोका इथेच आहे. ब्रिटनच्या घरांमध्ये गॅसचा पाइप बहुतेक वेळा तांब्याचा असतो, आणि तांब्याला चुंबक ओढत नाही. पटत नसेल तर फ्रिजवरचं मॅग्नेट तांब्याच्या भांड्याला लावून बघा! म्हणजे अ‍ॅपवर ‘काही नाही’ दिसतं, तिथेच गॅसचा पाइप असू शकतो. त्या भरवशावर ड्रिल चालवू नका.

कामाचा क्रम

१. तिथे पैसे घेऊन गॅसचं काम करणाऱ्याची ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे मोबाइल खरंच उपयोगी पडतो: ओळखपत्रावरचा लायसन्स नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून तपासा. कार्डाची मागची बाजूही वाचा, कोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे असतं.

२. आधी तो माणूस शेगडी काढून पाइप बंद करेल. मेन स्विचही बंद करा. तोडफोड त्यानंतरच.

३. घर २००० च्या आधीचं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. तिथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली.

४. नकली चिमणीच्या आत धूर बाहेर नेणारा पाइप असू शकतो. तो कशाला जोडलाय, हे कळल्याशिवाय हात लावू नका.

नवीन काय लावायचं?

इलेक्ट्रिक फायरला धुराचा मार्ग लागत नाही. २ किलोवॉटचा फायर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, आणि तिथला प्लग १३ अँपिअरचा असतो. पुन्हा गॅसच हवा असेल, तर त्या मॉडेलला धुराची कोणती सोय लागते ते गॅस सेफ इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. धूर नीट बाहेर गेला नाही तर खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास, आणि तो जीव घेतो. आपल्या नेहमीच्या मोबाइलमध्ये तो ओळखणारा सेन्सर नसतो. त्यासाठी वेगळा अलार्म घ्याच.

आणि गॅसचा वास आला तर? कुठलाही स्विच चालू-बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच ०८०० १११ ९९९ वर फोन लावा. ब्रिटनमध्ये राहणार असाल तर हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.