आधी प्रोबेशन, मग टीम

१९६५च्या युद्धात मेजर मेघसिंह यांनी वेगवेगळ्या पलटणींतले स्वयंसेवक गोळा केले आणि शत्रूच्या पिछाडीला शिरून छापे घातले. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांचा त्यांना पाठिंबा होता. ‘मेघदूत फोर्स’ हे या तुकडीचं नाव. युद्धानंतर ती मोडली, पण १ जुलै १९६६ रोजी ९ पॅरा कमांडो ही बटालियन उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिच्यातूनच १० पॅरा कमांडो निघाली. भारतीय सैन्यातल्या आजच्या पॅरा स्पेशल फोर्सेस या दलाचा हा उगम.

१९७१च्या युद्धात दोघींची कसोटी लागली. जयपूरचे लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंह १० पॅराला घेऊन जीपमधून थरचं वाळवंट तुडवत सरहद्दीपलीकडे सुमारे ८० किलोमीटरवरच्या छाछरोपर्यंत पोचले. त्याबद्दल त्यांना महावीरचक्र मिळालं. पूंछकडे ९ पॅराच्या जवानांनी डिसेंबरच्या रात्री थंडगार नदी ओलांडून मंढोल इथल्या पाकिस्तानी तोफा सुरुंग लावून उडवल्या.

पॅराशूटच्या उड्या आणि रंगवलेले चेहरे याच गोष्टी चित्रपटांत दिसतात. या दलाचं खरं वेगळेपण मात्र त्याच्या रचनेत आहे. साध्या पायदळात कंपनी, प्लाटून आणि सेक्शन असतात. इथे टीम, ट्रूप आणि स्क्वाड. टीमचा म्होरक्या मेजर, ट्रूपचा कॅप्टन. स्क्वाडमध्ये अगदी मोजकी माणसं असतात, म्हणून प्रत्येकाचं एक कसब ठरलेलं असतं: कुणी स्फोटकांतला, कुणी वायरलेसवाला, कुणी जखमा बांधणारा, कुणी अंधारात नकाशा वाचणारा. शिवाय प्रत्येकाला शेजाऱ्याचं कामही यावं लागतं. वायरलेसवाला पडला म्हणून संदेश थांबून चालत नाही.

एवढा भरवसा टाकायचा तर माणूस आधी पारखावा लागतो. त्यासाठी प्रोबेशन. साधारण तीन महिन्यांच्या या काळात अधिकारी आणि जवान एकाच रगड्यातून जातात. पाठीवरचं ओझं तेच, झोपमोडही तीच. वजन घेऊन १०, २०, ३०, ४० किलोमीटरच्या स्पीड मार्च होतात. सलग ३६ तासांची एक चाचणी असते आणि तीत झोप नसते. पाय गळून गेल्यावर उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, प्रश्न विचारतात, कोडी घालतात, मघाशी दाखवलेल्या वस्तू आठवायला सांगतात. थकलेल्या डोक्याने माणूस कसा विचार करतो, हे त्यांना पाहायचं असतं. इथे येणारा प्रत्येकजण स्वेच्छेने आलेला असतो, आणि कुणालाही कोणत्याही दिवशी आपल्या मूळ पलटणीत परत जाता येतं. बहुतेकजण परततात. त्यात कमीपणा नाही.

आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पूर्ण केल्या की छातीवर पंख लागतात. ‘बलिदान’ हा शब्द देवनागरीत कोरलेला खंजिराचा बॅज त्याहून दुर्मीळ; तो फक्त स्पेशल फोर्सेसचा.

एप्रिल २०२० मध्ये काश्मीरच्या केरन भागात याच दलाच्या ४ पॅरा बटालियनचे जवान घुसखोरांचा माग काढत होते. बर्फाचा कडा पायाखाली ढासळला आणि काही जवान थेट नाल्यात, दहशतवाद्यांच्या पुढ्यात पडले. अगदी हातघाईच्या अंतरावर लढाई झाली. पाचही दहशतवादी मारले गेले; सुभेदार संजीव कुमार आणि त्यांचे चार साथीदारही गेले. एकमेकांवरचा भरवसा काय असतो, हे सांगायला याहून मोठा दाखला लागत नाही.

मराठी वाचकाचं या दलाशी जवळचं नातं आहे. २१ मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण १९९६मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. साताऱ्याच्या पोगरवाडीचे आणि साताऱ्याच्याच सैनिक स्कूलचे विद्यार्थी असलेले कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे. पुढे ते कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर झाले. त्या हुद्द्यावरच्या माणसाने मागे राहून सूत्रं हलवली असती तरी कुणी बोल लावला नसता. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी जंगलातल्या शोधमोहिमेत ते स्वतः पुढे होते आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून लेफ्टनंट होऊन सैन्यात दाखल झाल्या.