वीतभर घेराचं टोपडं

भंडारा जिल्ह्यात आंधळगावचं नाव निघालं की कोसा रेशीम आठवतं. मोहाडी तालुक्यातलं हे विणकरांचं गाव. कोष उकळायचे, धागा काढायचा, मागावर चढवायचा, हेच इथल्या घरांचं जगणं. त्या कोशाची साडी लग्नाकार्यात मिरवते. मला मात्र अशा एका वस्त्राबद्दल लिहायचं आहे, ज्याला कोसाही लागत नाही आणि मागही लागत नाही. दोन सुया आणि मूठभर मऊ धागा पुरतो. ते म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं टोपडं.

37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं मानतात. अंगात ऊब धरणारी चरबी शेवटच्या महिन्यांत साठते, ती त्याला मिळालेलीच नसते. कातडी पातळ, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं. उघड्या डोक्यातून ऊब झपाट्याने निघून जाते. बाळाचं तापमान 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की दूध पचवायची, वाढायची ताकद अंग तापवण्यातच खर्च होते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये डॉ. एडगर रे यांनी आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत सुरू केली. तिच्यातही बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपडं एवढंच असतं. आपल्या विदर्भात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तिच्यातही बाळ उबदार ठेवण्यावर भर होता.

आपल्याकडे बाळ होण्याआधी कपडे घेत नाहीत. जुन्या धोतराची दुपटी आणि दुसऱ्या लेकराची उतरलेली झबली यांवर सुरुवातीचे दिवस निघतात. रीत चांगलीच आहे, त्या जुन्या कापडाइतकं मऊ दुसरं काही नसतं. पण बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच आलं, तर घरात त्याच्या मापाचं काहीच नसतं, आणि बाजारातलं सगळ्यात लहान टोपडंही नाकावर घसरतं. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, तर बाळ काचेआड. अशा वेळी कुणी अनोळखी बाईने विणून दिलेलं रंगीत टोपडं आईच्या हातात पडतं, तेव्हा तिच्या बाळाचं स्वागत झालेलं असतं. ऊब बाळासाठी, रंग आईसाठी. म्हणूनच एखाद्या सणाच्या रंगात विणलेलं टोपडं मला चैन वाटत नाही.

अमेरिकेत फेब्रुवारीत नवजात बाळांना लाल टोप्या विणून देतात. 17 नोव्हेंबरला, जागतिक अकालप्रसूत बालक दिनी, जांभळा रंग चालतो. आपल्याकडे दिवाळीला केशरी विणावं, संक्रांतीला काळं. हलव्याचे पांढरे ठिपके विणीतच घ्यावेत, वरून मणी टाचू नयेत.

28 आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 25 ते 26 सेंटिमीटर, वीतभराहून थोडा जास्त. 4 मिलिमीटरच्या सुईवर 56 टाके घालावेत. दोन सुलट, दोन उलट अशी चार-पाच सेंटिमीटर पट्टी विणावी, म्हणजे टोपडं ताणतं पण करकचत नाही. पुढे साधी वीण, एकूण उंची दहा सेंटिमीटर होईपर्यंत. मग 56 चे आठ भाग करून एकाआड एक ओळीत प्रत्येक भागातला एकेक टाका कमी करत न्यावा. शेवटी आठ टाके उरतात, त्यांतून धागा ओवून ओढला की टोक बंद. शिवण सपाट हवी, नाहीतर ती कोवळ्या कातडीवर रुतते. नाडी, गोंडा, बटण, झालर काही नको. टोचणारी, तंतू सुटणारी लोकर नको. वारंवार धुता येईल असा सुती किंवा लहान मुलांसाठीचा मऊ धागा घ्यावा.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातला नवजात कक्ष देशाला माहीत झाला तो 9 जानेवारी 2021 च्या पहाटेच्या आगीमुळे. दहा बाळं गेली. ते दुःख टोपड्याने भरून येणार नाही, आणि तसा आव कुणी आणूही नये. पण अशी बाळं रोज जन्मतात, आणि ज्या जिल्ह्यात इतके विणणारे हात आहेत, तिथे एकाही बाळाचं डोकं उघडं राहायला नको.

विणायला बसण्याआधी एवढं करा: जवळच्या नवजात कक्षाच्या सिस्टरांना भेटा. कोणतं माप कमी पडतं, कोणता धागा चालतो, बाहेरचे कपडे घेतात की नाही, हे विचारा. वॉर्मरखाली किंवा काविळीच्या निळ्या दिव्याखाली बाळाला टोपडं घालायचं की नाही, हे त्याच ठरवतील. मग धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून द्या.