बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण बदलीच्या नोकरीत गेले. वडील बँकेत, रेल्वेत किंवा पाटबंधारे खात्यात असले की दर तीन-चार वर्षांनी ऑर्डर येई आणि बिऱ्हाड हले. शाळा सुटत, मैत्रिणी तुटत, आईला नव्या गावात दूधवाल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागे. तरी त्या बदलीला एक चौकट होती. हजर होण्यासाठी मुदत मिळे, सामान नेण्याचा भत्ता मिळे, पुष्कळदा क्वार्टरही मिळे. पगार, ज्येष्ठता आणि पेन्शन मागोमाग येत. गाव बदले, नोकरी तीच राही.

अमेरिकेत आपण ज्याला ‘रीलोकेशन’ म्हणतो ते दिसायला बदलीसारखेच असते, पण त्याची जातकुळी वेगळी. येथे बहुधा नोकरीही बदलते आणि दुसऱ्या राज्यात गेलो तर कायदाही बदलतो. आयकर, मालमत्ता कर, शाळेचे वर्ष, गाडीचा आणि व्यवसायाचा परवाना, पतिपत्नींच्या मिळकतीचे नियम, हे सारे राज्याराज्यांत निराळे आहे. बदलीची ती चौकट येथे तयार मिळत नाही. ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी ती आपली आपणच बांधावी लागते. त्या पत्रावर नाव एकाचेच असते, म्हणून हिशेबही एकाचाच होतो आणि घरातली बाकीची माणसे त्यातून सुटतात. हा लेख सगळ्या घराच्या हिशेबाविषयी आहे.

उदाहरणादाखल न्यू जर्सीहून डॅलसला निघालेले एक कुटुंब घेऊ. टोयोटाने आपले उत्तर अमेरिकेतील मुख्यालय कॅलिफोर्नियाहून २०१७ मध्ये डॅलसजवळच्या प्लेनोला आणले. चार्ल्स श्वाबने २०२१ मध्ये आपले मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोहून वेस्टलेकला हलवले. अशा कंपन्यांमागून माणसे आली आणि प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग ही नावे आपल्या घराघरांत ओळखीची झाली. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशनही डॅलसलाच भरले होते. तेव्हा हा रस्ता आपल्या मंडळींच्या पायाखालचा आहे.

व्हिसा जागेशीही बांधलेला असतो

एच-१ बी व्हिसा मालकाशी बांधलेला असतो हे सर्वांना ठाऊक असते. तो कामाच्या जागेशीही बांधलेला असतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. मालक मजूर खात्याकडे जो अर्ज भरतो, तो ठरावीक महानगर परिसरातल्या वेतनावर आधारलेला असतो. त्यामुळे कंपनी तीच राहिली तरी काम त्या परिसराबाहेर जाणार असेल, तर दुरुस्त पिटिशन आधी दाखल करावे लागते. २०१५ च्या ‘सिमिओ’ प्रकरणातील निर्णयाने हे पक्के झाले. घरून काम करणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. “काम घरूनच तर आहे, मग घर टेक्ससला नेले म्हणून काय बिघडले?” हा युक्तिवाद चालत नाही.

कंपनी बदलत असेल तर २००० सालच्या कायद्यानुसार नव्या मालकाचे पिटिशन रीतसर दाखल झाल्यावर काम सुरू करता येते; मंजुरीची वाट पाहावीच लागते असे नाही. पण ग्रीन कार्डासाठी नव्या मालकाला लेबर सर्टिफिकेशनपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. दिलासा एवढाच, की जुन्या मालकाचे आय-१४० मंजूर झालेले असेल तर रांगेतली तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, सहसा आपल्याजवळ राहते. त्या मंजुरीला १८० दिवस झाले असतील, तर जुन्या मालकाने अर्ज मागे घेतला तरी केवळ तेवढ्याने ती मंजुरी रद्द होत नाही. आय-४८५ प्रलंबित होऊन १८० दिवस झाले असतील, तर त्याच किंवा तशाच प्रकारच्या दुसऱ्या कामावर जाता येते. म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवावे. पाच-दहा दिवसांच्या घाईने वर्षांचे नुकसान होऊ शकते.

नवी नोकरी टिकली नाही तर काय, हा प्रश्न अशुभ वाटला तरी विचारावा. २०१७ च्या नियमानुसार नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. नव्या गावात पाऊल ठेवताच घर विकत घेऊ नये, याचे हे एक मोठे कारण आहे. आणखी एक छोटी गोष्ट: नागरिक नसलेल्या बहुतेक सर्वांनी, ग्रीन कार्डधारकांनीसुद्धा, पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत ए.आर.-११ फॉर्म भरून तो कळवायचा असतो. पोस्टात पत्ता बदलून हे काम होत नाही.

“टेक्ससला टॅक्स नाही”

हे वाक्य प्रत्येक पार्टीत ऐकू येते. टेक्ससला राज्याचा आयकर नाही, इतके त्यात खरे आहे. न्यू जर्सीत दीड लाख डॉलर उत्पन्न असलेल्या, एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला राज्याचा आयकर साधारण पाच हजार डॉलरच्या आसपास पडतो. तेवढे वाचतात. पण टेक्ससची शाळा आणि काउंटी मुख्यतः घरपट्टीवर चालतात. डॅलसच्या उपनगरांत ती घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्क्यांच्या जवळपास जाते, म्हणजे सहा लाखांच्या घराला वर्षाला दहा-बारा हजार. स्वतः राहत असलेल्या घरासाठी ‘होमस्टेड’ सवलत मिळते. शाळेच्या करापुरती ती २०२३ मध्ये चाळीस हजारांवरून एक लाखावर आणि २०२५ मध्ये १,४०,००० डॉलरवर नेण्यात आली. ती आपोआप लागू होते असे धरून चालू नये, अर्ज करावा.

न्यू जर्सीची घरपट्टीही काही कमी नाही. २०२४ मध्ये तिची सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेली. त्यामुळे फरक पडतो तो मुख्यतः घराच्या किमतीत. घर पाहताना विकणाऱ्याचे घरपट्टीचे बिल पाहून निर्धास्त होऊ नये. होमस्टेड घराचे करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, पण ही मर्यादा जुन्या मालकाबरोबर जाते आणि आपल्यासाठी नव्याने सुरू होते. घर नवे बांधलेले असेल तर पहिले बिल पुष्कळदा रिकाम्या जमिनीचे किंवा अर्धवट बांधकामाचे असते. खरा आकडा दुसऱ्या वर्षी कळतो. शिवाय उत्तर टेक्ससला गारांचा मार फार. गारपिटीच्या नुकसानीत विम्यातला आपला वाटा पुष्कळदा घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के असतो. सहा लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे बारा हजार डॉलर आधी आपल्या खिशातून.

न्यू जर्सीतले घर विकताना ‘एक्झिट टॅक्स’ची भीती घातली जाते. हा वेगळा कर नाही. राज्य सोडून गेलेल्याकडून घर विक्रीच्या वेळी आयकराची रक्कम आगाऊ घेतली जाते. रिटर्न भरल्यावर जास्तीचे पैसे परत मिळतात. घर स्वतःच्या राहण्याचे असेल आणि नफा केंद्राच्या करमाफीत बसत असेल, तर योग्य फॉर्म भरून ही आगाऊ रक्कमही टाळता येते. १९९७ च्या कायद्यानुसार विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे त्या घरात राहिलेल्या जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो. दोन वर्षे पुरी झाली नसली तरी नोकरीमुळे स्थलांतर झाले असेल, आणि नवे कामाचे ठिकाण त्या घरापासून जुन्या ठिकाणापेक्षा किमान ५० मैल अधिक दूर असेल, तर प्रमाणात सवलत मिळते.

कंपनी देत असलेल्या सामानखर्चाचेही पाहावे. २०१८ पासून बहुतेकांसाठी ही रक्कम पगारासारखीच करपात्र झाली आणि २०२५ च्या कायद्याने ते कायम झाले. पंधरा हजार कबूल केले तर हातात पंधरा हजार येत नाहीत. त्यावरचा करही कंपनी भरणार का, हे सहीपूर्वी विचारावे. त्याला ‘ग्रॉस-अप’ म्हणतात. तो मागण्यात संकोच करू नये.

दुसरा पगार

हिशेबात सर्वांत मोठी चूक येथे होते. समजा, पत्नीला न्यू जर्सीत नव्वद हजारांची नोकरी आहे आणि नव्या गावी काम मिळायला सहा महिने लागले. म्हणजे पंचेचाळीस हजार गेले. आयकरातली वार्षिक पाच हजारांची बचत भरून काढायला नऊ वर्षे लागतील. ऑफर पत्नीची असेल तर हाच हिशेब पतीच्या पगाराचा करावा.

शिक्षक, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर यांचे परवाने राज्याचे असतात. काहींना परस्पर-मान्यतेची सोय आहे, काहींना नव्याने अर्ज करावा लागतो. ही चौकशी घर शोधण्याच्या आधी करावी. एच-४ वर असणाऱ्यांना २०१५ पासून काही अटींवर कामाचा परवाना मिळू लागला, पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद करण्यात आली. परवान्याची तारीख संपत आली असेल आणि त्याच महिन्यात गाव बदलायचे असेल, तर दोन संकटे एकदम ओढवून घेतल्यासारखे होईल. जोडीदाराला नोकरी शोधण्यासाठी मदत, किंवा सुरुवातीचे काही महिने आपण जुन्या गावाहून काम करण्याची मुभा, या गोष्टी कंपनीकडे मागता येतात. व्हिसावर असाल तर अशी मुभा पिटिशनमध्ये बसते का, ते वकिलाला विचारावे.

शाळेचे वर्ष

न्यू जर्सीत शाळा साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात सुटते आणि सप्टेंबरात भरते. टेक्ससची शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते. “लेबर डेपर्यंत पोचू” असे ठरवलेल्या मुलांचे पहिले दोन-तीन आठवडे बुडतात, आणि नव्या शाळेत मैत्री नेमकी त्याच आठवड्यांत होते. प्रवेश पत्त्यावरून मिळतो, म्हणून भाड्याचा करारही ऑगस्टपूर्वी हवा.

मूल हायस्कूलमध्ये असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. टेक्ससमध्ये १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात जागांच्या मर्यादेमुळे ही रेषा वर सरकत २०२६ च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली. दुसऱ्या राज्यातले गुण नवी शाळा क्रमवारीत कसे धरते, हे समुपदेशकाला लेखी विचारावे. राज्यातल्यांसाठी असलेली कमी फी मिळण्यासाठी साधारणपणे बारा महिन्यांचा रहिवास लागतो. मूल बारावीत असताना हललो तर जुन्या राज्याचा हक्क सुटतो आणि नव्याचा हाती आलेला नसतो, असे होऊ शकते. अशा वेळी एकाने पुढे जाऊन बाकीच्यांनी वर्षभर थांबणे कष्टाचे असले तरी विचार करण्याजोगे असते.

विमा आणि सामान

नव्या मालकाचा आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून सुरू होतोच असे नाही. कायद्याने ९० दिवसांपर्यंत थांबवता येते. मधल्या काळासाठी ‘कोब्रा’ आहे. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर विमा मागील तारखेपासून धरला जातो. हप्ता मात्र मागचाही भरावा लागतो. वर्षाच्या मध्यात विमा बदलला की डिडक्टिबल बहुधा शून्यापासून सुरू होते. कोणाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर नोकरीची तारीख त्यावरून ठरवावी.

सामान नेणाऱ्याचा यू.एस.डॉट क्रमांक केंद्र सरकारच्या नोंदीत तपासून घ्यावा. जादा पैसे न भरता मिळणाऱ्या संरक्षणात भरपाई पौंडाला ६० सेंट इतकीच असते. वीस पौंडांची पेटी फुटली तर बारा डॉलर हातावर ठेवले जातील. पूर्ण किमतीचे संरक्षण घ्यावे. आणि पासपोर्ट, व्हिसाचे मूळ कागद, दागिने, देव्हाऱ्यातले देव आपल्याबरोबर गाडीत ठेवावेत. पोचल्यावर टेक्ससमध्ये गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत बदलायचे असते. टेक्सस हे ‘कम्युनिटी प्रॉपर्टी’ राज्य असल्यामुळे मृत्युपत्र आणि पॉवर ऑफ ॲटर्नी तेथील वकिलाला एकदा दाखवून घ्यावीत.

सही करण्याआधी

हे सारे वाचून कोणी नवे गाव टाळावे असा हेतू नाही. आपण सात समुद्र ओलांडून आलेली माणसे. दीड हजार मैलांना घाबरण्याचे कारण नाही. नव्या गावी नव्या उमेदीने उभी राहिलेली घरे प्रत्येक मंडळात दिसतात. मात्र घराचे बस्तान सगळ्यांना मिळून बसवावे लागते. ऑफर आल्यावर एक संध्याकाळ काढावी, मुलांनाही बसवावे आणि एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: याचे काय सुटणार आणि कोणत्या तारखेला. त्या कागदातून कंपनीकडे मागायच्या गोष्टींची यादी आपोआप तयार होते. सहीपूर्वी मागितलेले पुष्कळदा मिळते. सहीनंतर मागितलेली ती विनंती ठरते.

पहिले वर्ष भाड्याने राहावे. तेथल्या मंडळाला आणि मराठी शाळेला निघण्याआधीच फोन करावा. कोणत्या भागात कोणती शाळा, कोणते डॉक्टर, वाणसामान कोठे, हे तेथल्या माणसांइतके कोणी सांगू शकत नाही. आणि कागद भरून झाल्यावर घरातल्या सर्वांच्या रकान्यांची बेरीज जमत नसेल, तर ऑफर नम्रपणे नाकारावी. वडिलांच्या बदलीच्या नोकरीत तो पर्याय नव्हता. आपल्याला आहे.