शाफ्टवरचा ब्रेक

घाटात वडापची जीप थांबली की मागच्या फळीवर लोंबकळणारा पोरगा आधी खाली उडी मारायचा आणि रस्त्याकडेचा दगड उचलून मागच्या चाकाखाली सारायचा. दगड नीट बसल्याची हाक आली की मगच ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढायचा, तोही गाडी पहिल्या गिअरात टाकून. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की जुन्या जीपला डॅशबोर्डखाली नेमकी याच कामासाठी एक मूठ दिलेली असते, याचा विसरच पडला. जीपला हँडब्रेक नसतोच, असं छातीठोकपणे सांगणारे ड्रायव्हर आजही भेटतात.

असतो. फक्त तो आपण शोधतो तिथे नसतो.

बहुतेक मोटारींत हँडब्रेकची तार मागच्या दोन चाकांपर्यंत जाते. जीपमध्ये ती गाडीच्या पोटाखाली मध्यावरच थांबते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी. तिच्या मागच्या तोंडातून जो शाफ्ट निघतो, त्याच्यावरच वितीपेक्षा लहान असा एक ड्रम बसवलेला असतो. आत दोन शू. मूठ ओढली की शू फाकतात, ड्रम धरतात आणि शाफ्ट थांबतो. चाकांना हात न लावता चाकं थांबवण्याची ही युक्ती जीपमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजपासूनची. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून तेव्हा सुमारे 6 लाख 40 हजार जीप बनवल्या. त्यांच्यावर ड्रमला बाहेरून आवळणारा पट्टा असे, पुढच्या नागरी जीपमध्ये तो जाऊन आतून फाकणारे शू आले. 1945 साली स्थापन झालेल्या आणि 1948 पासून महिंद्र अँड महिंद्र या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं मुंबईत, माझगावला, विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. 1953 साली अमेरिकेत निघालेलं उंच बॉनेटचं सीजे-थ्रीबी हे मॉडेल तर इथे असं रुजलं, की आपल्या डोळ्यांपुढे ‘जीप’ म्हणून येतो तो त्याचाच चेहरा. जिल्हा परिषदेची, साखर कारखान्याची, वनखात्याची.

एवढासा ड्रम टनभर वजनाची गाडी चढावर धरतो कसा? पहारेच्या लांब टोकाला हलका हात पुरतो, तोच न्याय. या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये 43 दात्यांचं मोठं चाक आणि 8 दात्यांचं पिनियन असतं. म्हणजे चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे जवळजवळ साडेपाच फेरे होतात. उलट बाजूनं पाहिलं तर शाफ्टवर लावलेला जोर चाकापर्यंत पोचताना तेवढ्याच पटीनं वाढतो. शिवाय हा ड्रम चाकापेक्षा बराच उंचावर, म्हणून ओढ्यातून गाडी गेली तरी लवकर भिजत नाही. तारही आखूड. लढाईसाठी घाईनं बनवलेल्या गाडीत इतक्या थोड्या सामानात एवढं काम करून घेणारा दुसरा भाग मला तरी आठवत नाही.

याची किंमत मात्र मोजावी लागते. शाफ्ट धरला तरी त्याच्या पुढे दोन क्रॉस-जॉइंट, सरकता जोड, पिनियनचे दाते आणि आतले ॲक्सल एवढं सगळं मोकळंच असतं. प्रत्येकात थोडाथोडा खेळ. म्हणून हँडब्रेक लावलेली जीप पुढे-मागे ढकलली तर चार बोटं हलते आणि मग ठक्कन थांबते. तो दोष नव्हे. हातभर हलली तर मात्र जॉइंट किंवा डिफरन्शियल झिजलंय, ब्रेकला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं, की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. शाफ्ट जागेवरच राहतो, पण डिफरन्शियलच्या करणीमुळे अधांतरी चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि गाडी जॅकवरून घरंगळते. पुढचा ड्राइव्ह गुंतवलेला असेल, आणि पुढच्या चाकांना सुटे हब असतील तर तेही लॉक केलेले असतील, तर पुढची दोन्ही चाकं तिला धरतात. नाहीतर धरतो तो दगडच. म्हणजे वडापवाला पोरगा अगदीच चुकत नव्हता.

आता दुरुस्ती. मूठ पूर्ण ओढूनही गाडी सरकते, अशी तक्रार घेऊन गेलं की घाईतला मिस्त्री गाडीखाली शिरतो, तारेचा नट चार फेरे आवळतो आणि हात पुसत बाहेर येतो. दोन दिवस बरं चालतं. तार आवळल्यानं लिव्हर आधीच अर्धवट ओढलेला राहतो, ड्रम शूंना घासत फिरतो, त्यांच्यावरचा लायनर तापून गुळगुळीत होतो आणि आठवड्यात तक्रार परत हजर. आधी शू, मग तार, हा क्रम आहे. मूठ पूर्ण सोडून तार ढिली ठेवायची. ड्रमच्या तोंडावर भोकं असतात. ड्रम फिरवून ती आतल्या दोन दातेरी चाकांसमोर आणायची आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दोन्ही चाकं शू ड्रमला घट्ट टेकेपर्यंत फिरवायची. मग प्रत्येक चाक सात दाते मागे. हे सात दाते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच आहेत, अंदाजपंचे नव्हेत. यानंतर तारेतला फक्त ढिलेपणा काढायचा.

तार स्वतः तपासायला हवीच. आपल्या पावसात नळीतली तार गंजते. मूठ ओढताना जड जाते आणि सोडताना तर परतच जात नाही. मूठ आत गेलेली दिसते, शू मात्र ड्रमला चिकटलेलेच. गाडी उगाच जड चालते म्हणून कार्ब्युरेटर उघडणारे पाहिलेत मी.

एवढं करूनही ब्रेक धरत नसेल तर ड्रम उतरवावा लागतो. त्यासाठी मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, आणि तो सुटला की मागच्या चाकांना ना हँडब्रेक धरत, ना गिअर. हँडब्रेकची दुरुस्ती करताना गाडीला हँडब्रेक नसतो, ही गोष्ट गाडीखाली आडवं पडण्यापूर्वी आठवलेली बरी. जागा सपाट हवी, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत. शाफ्ट काढण्याआधी जोडावर पंचनं खूण करायची, कारण दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसले नाहीत तर गाडी थरथरते आणि तो दोष शोधण्यात दुसरा दिवस जातो.

ड्रम निघाला की दहापैकी नऊ जीपमध्ये दिसतं ते एकच: आत काळं, चिकट तेल. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाचं ऑइल सील गळतं आणि ड्रम बरोबर त्याच्या समोर बसलेला असतो. या रचनेची खरी खोट इथे आहे. शू बिचारे निर्दोष. तेल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुवून, जाळून पुन्हा बसवतात. तो तापला की तेल पुन्हा वर येतं, तेव्हा नवा लायनरच मारून घ्यावा. आणि जुन्या लायनरची धूळ फुंकू नये किंवा हवेच्या पाइपनं उडवू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच असते. ओल्या फडक्यानं पुसावी.

पण नुसतं नवं सील ठोकून भागत नाही. सीलची कड ज्या योकवर टेकते, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्यानं खोबण पडलेली असते. नखाला लागली तर योक बदलायचा किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवायची. त्याच्याही मागे बेअरिंग आहेत. विलीजच्या या ट्रान्सफर केसमध्ये शाफ्टला 4 ते 8 हजारांश इंच एवढाच खेळ ठेवायचा असतो, आणि तो मागच्या झाकणाखालच्या पातळ शिमांनी राखलेला असतो. बेअरिंग झिजून शाफ्ट डुगडुगत असेल तर कोणतंही सील महिनाभरात हार मानतं. झाकण काढताना त्या शिमा जपून ठेवाव्यात. एखादी चिंधीबरोबर कचऱ्यात गेली की पुढचं गणित बिघडलंच. अजून एक: केसमधली हवा सोडणारी वाट चिखलानं बुजली असेल, तर गरम झालेलं तेल सीलमधूनच रस्ता काढतं. पाच मिनिटांचं काम आहे हे, पण बघतं कोण.

म्हणजे हँडब्रेकची तक्रार तार, शू, सील, योक, बेअरिंग, क्रॉस-जॉइंट अशी फिरत फिरत अख्ख्या गाडीची तपासणी होऊन बसते. चांगला मिस्त्री म्हणूनच या कामाचे पैसे आधी सांगत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, लुबाडायचा बेत दिसतोय.

ही रचना जीपपुरती नव्हती. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समध्ये अँगलसीच्या आपल्या जागेत युद्धातून उरलेली विलीज जीप वापरत, आणि त्या अनुभवातून 1948 साली लँड रोव्हर जन्माला आली. तिनंही हँडब्रेक शाफ्टवरच ठेवला. 2016 च्या जानेवारीत जुन्या धाटणीची शेवटची डिफेंडर बाहेर पडली, तेव्हाही तो तिथेच होता. इंग्लंडातले मालकही त्याच तेलाबद्दल कुरकुरत आले आहेत.

चालत्या गाडीत ही मूठ ओढू नये, असं जुनी माणसं सांगत. वेगानं फिरणारा शाफ्ट एकदम धरला की सगळा धक्का जॉइंट आणि ॲक्सलवर येतो. तरीही या जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एक नळी फुटली की पॅडल थेट फळीला टेकतं. तेव्हा हाताशी उरते ती ही मूठच, आणि ॲक्सलची पर्वा नंतर करता येते. दगड लावून काम भागतं म्हणणाऱ्यांनी उतारावरच्या त्या क्षणी दगड कुठून लावायचा, ते सांगावं.

हल्ली हौशी मालक ड्रम काढून त्या जागी डिस्क बसवतात. तयार किटही मिळतात. डिस्क दिसते छान, चिखल साचत नाही, बसवायलाही सोपी. पण सील आणि योक जुनेच ठेवून ती बसवली, तर आत ड्रममध्ये साचणारं तेल आता डिस्कवर आणि गाडीच्या सगळ्या पोटाला उडतं, इतकंच.