शतकोटींच्या खालोखाल

नामदेवांनी शतकोटी अभंग करण्याचा पण केला होता, ही कथा आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. पण पुरा होण्याआधीच नामदेव गेले आणि राहिलेली बाकी पांडुरंगाने तुकोबांच्या स्वप्नात येऊन त्यांच्या खात्यावर टाकली. एकदा रिकामपणी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शंभर कोटी अभंग, मिनिटाला एक, मध्ये झोप नाही की जेवण नाही. उत्तर आलं १,९०० वर्षं. सातवाहनांच्या राज्यात सुरुवात केली असती तर आत्ता कुठे लेखणी खाली ठेवता आली असती.

पुराणातल्या आकड्याला कुणी पावती मागत नाही. ज्यांच्या आकड्यांना पावत्या आहेत अशा माणसांची गोष्ट वेगळी. ती सापडतात प्रॉटेस्टंट चर्चच्या गीतकारांत आणि संगीतकारांत. त्याला कारण आहे. लूथरच्या आधी चर्चमधलं गाणं मुख्यतः पाद्री आणि गायनवृंद यांचं, तेही लॅटिनमध्ये. लूथरने ते बाकांवर बसलेल्या मंडळींच्या तोंडी, त्यांच्याच जर्मन भाषेत दिलं. १५२४ साली निघालेल्या पहिल्या छोट्या पुस्तकात गीतं होती अवघी आठ, त्यांतली चार स्वतः लूथरची. पण दर रविवारी साऱ्या गावाने गायचं म्हटलं की आठ गीतं किती दिवस पुरणार?

ही मागणी कुठवर वाढली ते बघायचं तर १८२० साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या फॅनी क्रॉस्बीकडे जावं लागतं. तिच्या नावावर आठ हजारांहून जास्त गीतं आहेत. तुकोबांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत, यावरून अंदाज यावा. सहा आठवड्यांची असताना तिचे डोळे आले, कुणा वैदूने गरम पोटीस लावलं आणि दृष्टी गेली, असं घरचे सांगत. अंधत्व जन्मापासूनच असावं, असं पुढच्या काही जाणकारांचं मत. बाईंना स्वतःला त्याची खंत नव्हती. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत त्या शिकल्या, तिथेच शिकवू लागल्या. कविता पाठ असायच्या, पण उतरवून घ्यायला कुणीतरी डोळस लागायचं. महाभारताला गणपती मिळाला. फॅनीबाईंना काही काळ मिळाला शाळेच्या कचेरीतला एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, ग्रोव्हर क्लीव्हलंड. पुढे हा लेखनिक दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

चर्चगीतांकडे त्या वळल्या त्या १८६४ साली, चव्वेचाळीसाव्या वर्षी. प्रकाशकाशी ठराव होता आठवड्याला तीन गीतांचा. आता हिशेब करा: आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६, आणि १९१५ साली त्या वारल्या तोवरची ५१ वर्षं. गुणाकार येतो ७,९५६. आठ हजारांचा आकडा ऐकून आधी मला ती भक्तांची अतिशयोक्ती वाटली होती. हा गुणाकार मांडल्यावर गप्प बसलो. नड पडली तर त्या दिवसाला सहा-सात गीतंही करत. डोक्यात रचायची, तिथेच साठवायची, आणि लिहून घेणारा आला की एकेक सोडायचं.

एकदा विल्यम डोन त्यांच्या दारात आला. हा सिनसिनाटीतल्या लाकूडकामाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा प्रमुख, आणि फावल्या वेळात दोन हजारांवर चाली बांधलेला गृहस्थ. त्याची गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. नवी चाल त्याने वाजवून दाखवली आणि शब्द मागितले. बाई आतल्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासात ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’ तयार, डोनला गाडीही मिळाली.

एवढ्या गीतांनी एक वेगळीच अडचण केली. गीतसंग्रह उघडावा तर पानापानावर एकच नाव. प्रकाशकाला हे बरं दिसेना. म्हणून बाईंनी टोपणनावं घेतली. दोन, चार, दहा नव्हे, जवळजवळ दोनशे.

आणि पैसे? गीतामागे एक किंवा दोन डॉलर. प्रत्येक गीताला दोन डॉलर धरले तरी अर्ध्या शतकाची कमाई सोळा हजार, म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास. ज्या संग्रहांत ही गीतं छापली जात ते मात्र लाखांनी खपत होते. बाई मॅनहॅटनच्या गरीब वस्त्यांत भाड्याच्या खोल्यांत राहिल्या आणि हातात आलेलं बरंचसं वाटून टाकलं. मला हे वाचून राग येतो. त्यांना आला नाही.

इंग्लंडातला चार्ल्स वेस्ली त्यांच्या शंभर वर्षं आधीचा. सॅम्युएल आणि सुझाना यांच्या एकोणीस लेकरांतलं हे अठरावं. सुझाना स्वतः तिच्या वडिलांचं पंचविसावं अपत्य. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची जाहिरात त्या घराण्याच्या भिंतीवर कुणी रंगवली असती तर मेथडिस्ट पंथच निघाला नसता, कारण तो काढणारे धाकटा चार्ल्स आणि थोरला जॉन, दोघेही आईबापांच्या पहिल्या दहांतले नव्हेत. चार्ल्सच्या गीतांचा आकडा साधारण साडेसहा हजार सांगतात. इतर कविता धरल्या तर नऊ हजारांच्या घरात जातो. ओळी मोजल्या तर भरतात सुमारे १,८०,०००. पन्नास वर्षं, रोज दहा ओळी, एकही खाडा नाही. एक लाख श्लोकांचं म्हणून सांगतात ते महाभारत दोन लाख ओळींचं. एकट्या माणसाने घोड्यावर बसून त्याच्या जवळपास मजल मारली. घोड्यावर हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. प्रवचनासाठी गावोगाव हिंडताना खोगिरावरच त्याची कवनं जुळत, आणि म्हातारपणी तो तट्टावरून उतरून ओळखीच्या घरात शिरला की नमस्कार-चमत्काराआधी दौत-लेखणी मागे.

हे झाले शब्दवाले. सुरांचा कारखाना जर्मनीत होता, आणि त्याचं १७२२-२३ सालचं एक चित्र मला फार आवडतं. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चला संगीतप्रमुख हवा होता. पहिली पसंती टेलेमान. हॅम्बुर्गने त्याचा पगार वाढवला आणि तो राहिला तिथेच. मग ग्राउप्नर. डार्मश्टाटच्या संस्थानिकाने त्याला सोडायला नकार दिला आणि त्याचाही पगार वाढवला. दोघांचं भलं झालं. उत्तम माणूस मिळत नाही तर मध्यम घ्यावा लागेल, अशी कुरकुर नगरसभेत झाली. तो मध्यम माणूस म्हणजे योहान सेबास्टियन बाख.

या पदाचं काम म्हणजे जवळजवळ दर रविवारी आणि सणाला एक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठी साधारण वीस मिनिटांची रचना. वर्षाला अंदाजे साठ. बाखने पहिली काही वर्षं आठवड्याला एक या वेगाने त्या नव्या केल्या. रचना झाली की प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा कागद वेगळा उतरवायचा; त्या कामाला शाळेतली मुलं आणि घरची माणसं जुंपलेली. मग तालीम, रविवारी सकाळी सादर, सोमवारी पुन्हा कोरा कागद. आठवड्याच्या सदराला वैतागणाऱ्या आम्हा लोकांनी याबद्दल बोलूच नये.

बाखच्या कँटाटांचे पाच वर्षांचे संच होते असं त्याच्या मृत्युलेखात म्हटलं आहे, म्हणजे तीनशेच्या आसपास. टेलेमानच्या सुमारे १,७००. ग्राउप्नरच्या १,४०० हून जास्त. एकाच नोकरीच्या तीन उमेदवारांनी मिळून ३,४००. वीस मिनिटांच्या हिशेबाने एकामागून एक लावल्या तर ४७ दिवस अहोरात्र वाजत राहतील. जवळजवळ सात अखंड सप्ताह, फक्त पखवाजाऐवजी ऑर्गन.

यांतलं टिकलं काय, त्याची कथा आकड्यांहून विचित्र. १७५० साली बाख गेला आणि त्याची हस्तलिखितं मुलांत वाटली गेली. थोरल्या विल्हेल्म फ्रीडेमानला पैशाची चणचण. त्याने आपला वाटा विकत विकत उधळला. तीनशेंपैकी दोनशेच्या आसपास हाती उरल्या. ग्राउप्नरच्या वारसांचं मात्र दरबाराशी हस्तलिखितांच्या मालकीवरून भांडण लागलं. कज्जा लांबत गेला, कागद कुलपात राहिले, शेवटी ते दरबाराकडेच गेले आणि जवळजवळ सगळे वाचले. कोर्टकचेरीने वाङ्मयाचं भलं केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

गीतांच्या पुस्तकांचं नशीब याहून खडतर, कारण ती कपाटात राहत नाहीत, हातांत राहतात. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत छापलेलं पहिलं पुस्तक १६४० सालचं स्तोत्रांचंच होतं, ‘बे साम बुक’. १,७०० प्रती निघाल्या, आज उरल्यात अकरा. त्यांतली एक २०१३ साली लिलावात गेली १ कोटी ४१ लाख डॉलरांना. फॅनीबाईंच्या दोन डॉलरच्या दराने तेवढ्या रकमेत सत्तर लाख गीतं आली असती.

चालींचं गणित मराठी माणसाला झटकन कळेल. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४ अक्षरांचा. त्यामुळे एका अभंगाची चाल दुसऱ्याला चालते. इंग्रजी चर्चगीतांत तसाच ८-६-८-६ शब्दावयवांचा (सिलेबलांचा) साचा सर्रास वापरतात. इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने आपली बहुतेक गीतं अशा तीनच साच्यांत बसवली. एका साच्यातली शंभर गीतं आणि शंभर चाली घेतल्या की जोड्या होतात दहा हजार. यामुळे शब्द आणि सूर यांची लग्नं फार उशिरा लागतात. जॉन न्यूटनचं ‘अमेझिंग ग्रेस’ १७७९ साली छापलं गेलं. आज जगभर ऐकू येते ती चाल त्याला मिळाली १८३५ साली अमेरिकेत, न्यूटन वारल्यावर २८ वर्षांनी. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्याची तीन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत. चार्ल्स वेस्लीचं १७३९ सालचं नाताळगीत तर मेंडेल्सोनच्या ज्या चालीवर गातात ती त्याने १८४० साली छपाईकलेच्या उत्सवासाठी बांधली होती. धार्मिक शब्दांना ही चाल मुळीच शोभणार नाही, असं त्याचं स्वतःचं मत. तो गेल्यावर १८५५ साली एका इंग्रज ऑर्गनवादकाने दोन्ही जुळवून टाकलं.

मराठीत मिशनरी आले तेव्हा हे साचेही बरोबर आले, आणि मराठी शब्द इंग्रजी चालींत कोंबले जाऊ लागले. हा अंगरखा आपल्याला बसत नव्हता. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंग चर्चमध्ये आणला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मृत्यू १९१९ चा. मधल्या चोवीस वर्षांत त्यांची ख्रिस्ती पदं शंभरावर झाली. फॅनीबाईंना एवढ्याला आठ-नऊ महिने लागले असते. पण त्यांच्या आठ हजारांतली आज नियमित गायली जाणारी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी, आणि टिळकांची पदं मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त पानोपानी भेटतात, पेटी-तबल्यावर.

टिळकांना ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायचं होतं. ‘ख्रिस्तायन’चे पहिले थोडे अध्याय झाले आणि ते गेले. नामदेवांसारखी इथेही बाकी राहिली. ती कुणाच्या स्वप्नात येऊन कुणी सोपवली नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आणि नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ते पुढे लिहायला बसल्या. त्यांनी ६४ अध्याय लिहिले.