दगडात अडकलेले सोनेरी केस : हे खरं सोनं आहे का?

इन्स्टाग्रामवर रत्नांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना एक दगड हमखास दिसलेला असतो. पाण्यासारखा स्वच्छ, आणि आत सोनेरी केसांची बट अडकावी तशा बारीक सुया. काही सरळसोट, काही किंचित वाकलेल्या, काही एकमेकींना छेदून गेलेल्या. खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेले : "हे खरं सोनं आहे का?" आणि "हे आत घातलं कसं?"

सोनं नाही. आणि ते आत कुणी घातलेलंही नाही.

बाहेरचा पारदर्शक दगड म्हणजे क्वार्ट्झ, आपला स्फटिक. माळरानावर सापडणारी पांढरी गारगोटीही त्याच खनिजाची, फक्त दुधाळ. आतल्या सुया मात्र वेगळ्याच खनिजाच्या आहेत. त्याचं नाव रुटाइल, आणि ते बनलंय टायटॅनियम डायऑक्साइडचं. हेच रसायन भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं, सनस्क्रीनमध्येही असतं.

आता तुम्ही म्हणाल, रंगात पांढरं आणि दगडात सोनेरी, हे कसं? शुद्ध केलेली बारीक पूड पांढरी दिसते. निसर्गातल्या रुटाइलमध्ये लोह आणि इतर धातू थोडे थोडे मिसळलेले असतात, त्यामुळे ते लालसर, तपकिरी किंवा सोनेरी होतं. नावही त्यावरूनच पडलं, लॅटिनमध्ये 'रुटिलस' म्हणजे लालसर.

आणि ती झळाळी? प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत रुटाइल हिऱ्यालाही मागे टाकतं. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, रुटाइलचा साधारण 2.6 ते 2.9. भोवतालच्या क्वार्ट्झचा जेमतेम 1.55. या मोठ्या फरकामुळे सुईवर पडलेल्या प्रकाशातला बराचसा भाग परत फिरतो, आणि डोळ्यांना धातूची तार असल्याचा भास होतो.

आत शिरण्याची गोष्ट याहून मजेदार आहे, कारण सुया शिरल्याच नाहीत. जमिनीखाली खडकांच्या भेगांमधून अतिशय गरम पाणी वाहत असतं आणि त्यात सिलिका विरघळलेली असते. पाणी निवत जातं तसा भेगेच्या भिंतीवर क्वार्ट्झ थरावर थर चढत जातो. बऱ्याचदा त्या भेगेत रुटाइलच्या सुया आधीच उभ्या असतात. वाढणारा क्वार्ट्झ त्यांना कवेत घेतो, तळ्याचं पाणी गोठताना गवताची काडी बर्फात अडकते तसा. काही वेळा दोन्ही खनिजं बरोबरीनं वाढतात. म्हणजे असा दगड हातात घेतल्यावर आधी काय तयार झालं आणि नंतर काय, हा क्रमसुद्धा डोळ्यांना दिसू शकतो.

सगळ्यात देखणे नमुने ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या नोवो होरिझोंते भागातले. तिथे मध्यभागी हेमेटाइटची काळी चकती असते आणि तिच्यातून सहा दिशांना सोनेरी सुया फुटलेल्या असतात. सहाच का? हेमेटाइटच्या अणूंची रचनाच षटकोनी असते आणि सुया त्या रचनेला धरून वाढतात. हाताने कोरलंय असं वाटावं इतकं ते नेटकं असतं.

एरवी रत्नाच्या बाजारात आतली रेष म्हणजे दोष, भाव पाडायचं कारण. इथे उलट आहे, सुया जितक्या ठसठशीत तितका भाव जास्त. माणिक आणि नीलम या रत्नांत तर अशाच अतिसूक्ष्म सुया साक्षीदाराचं काम करतात. रंग खुलवण्यासाठी ही रत्नं भट्टीत तापवतात. तापमान 1600 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आतल्या रुटाइलच्या सुया विरघळू लागतात. म्हणून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्या शाबूत दिसल्या, तर दगड इतक्या कडक भट्टीतून गेलेला नाही असा अंदाज बांधता येतो. न तापवलेल्या चांगल्या रत्नाला किंमत बरीच जास्त मिळते, त्यामुळे एका 'दोषा'वर मोठी रक्कम अवलंबून असते.

महाराष्ट्रातही सुयांसारखी खनिजं भरपूर आहेत, पण ती वेगळी. नाशिक, जळगाव, पुणे पट्ट्यातल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत मेसोलाइट, स्कोलेसाइट यांचे पांढरेशुभ्र झुबके वाढतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने बघायला मिळतात. ते रुटाइल नव्हे.

आता खरेदीचं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ब्रेसलेटवर 'पैसा खेचून आणतो' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. काळ्या सुयांचा दगड रुटाइल म्हणून विकत असतील तर विचारून घ्या, कारण त्या सुया बहुतेक वेळा टूर्मलीनच्या असतात. दगड साध्या भिंगातून बघा. गोल गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजा. प्रत्येक मण्यात सुयांची तीच ती ठेवण दिसली तरी शंका घ्या, कारण अस्सल दगडात दोन मणी सारखे निघत नाहीत. आणि दगड महाग असेल तर भिंगावर विसंबू नका, पैसे देण्याआधी रत्नप्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा.